दहा पैसे कोणाचे?

आमच्या घरी पाडव्याच्या दुपारी पत्ते निघतात. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे, आणि त्या दिवशी पार्वतीने शंकराला फाशांच्या खेळात हरवले अशी कथा माझी आजी सांगत असे. शास्त्राचा एवढा भक्कम आधार मिळाल्यावर आम्ही पोरे कशाला मागे राहतो! मात्र आजीची एक अट असे. खेळायचे ते चिंचोक्यांवर. पै-पैसा सतरंजीवर दिसला की ती पत्ते उचलून सरळ बंबात घालीत असे. त्यामुळे तीन पत्तीतले सारे डावपेच मला आठव्या वर्षी येत होते, आणि तरीही जुगार म्हणजे काय हे साठी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हते.

2023 च्या सप्टेंबरात मी भाच्याकडे इंग्लंडला गेलो. लंडनच्या पश्चिमेला स्लाव नावाचे गाव आहे. तिथे तो आणि सूनबाई राहतात. मी गणिताचा मास्तर. सदतीस वर्षे खडूची पूड खाल्ली आणि निवृत्त झालो. तिथे दिवसभर करायचे काय, हा प्रश्नच होता. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी भाचा संगणकासमोर बसून वहीत आकडे मांडत होता. वही दिसली की माझा हात शिवशिवतो. मी विचारले, "काय रे, कसला हिशेब?"

तो जरा हसला आणि म्हणाला, "मामा, तुम्हांला आवडेल. पैज आहे, पण हरायची सोय नाही."

मला वाटले, पोरगे कुणाच्या तरी नादी लागले. "हरायची सोय नाही" हे वाक्य मी आयुष्यात अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि पुढे त्यांच्या घरची भांडीही विकली गेलेली पाहिली आहेत. पण त्याने मला शेजारी बसवले आणि समजावून सांगितले. आणि खरे सांगतो, अर्ध्या तासात मी पुरता भारावून गेलो.

तिकडे पैज घेणारा बुकी म्हणजे अंधाऱ्या बोळातला माणूस नव्हे. 1960 च्या कायद्याने पैजेच्या दुकानांना परवानगी मिळाली आणि 1961 च्या मे महिन्यापासून ती उघडू लागली. आता हा व्यवहार 2005 च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाच्या देखरेखीखाली चालतो, आणि जिंकलेल्या पैशावर खेळणाऱ्याला कर पडत नाही. नवे गिऱ्हाईक ओढण्यासाठी हे बुकी आमिष दाखवतात. तुम्ही आधी स्वतःच्या 10 पौंडांची पैज लावा, मग 20 पौंडांची एक पैज आमच्यातर्फे फुकट. ही फुकटची पैज जिंकली तर वरचा नफा मिळतो, मुद्दलाचे 20 पौंड हाती येत नाहीत.

आता गंमत पुढे आहे. इंटरनेटवर एक निराळा बाजार भरतो, त्याला एक्स्चेंज म्हणतात. 2000 साली बेटफेअर नावाच्या कंपनीने तो सुरू करून रूढ केला. तिथे पैज बुकीशी नसते, माणसामाणसांत असते. कंपनी जिंकणाऱ्याकडून थोडी दलाली घेते, इतकेच. एखादा संघ जिंकेल अशी पैज तिथे जशी लावता येते, तशीच तो जिंकणार नाही अशीही लावता येते. आपल्याकडचे सटोडिये याला लगाई आणि खाई म्हणतात. बुकीकडे लावायचे आणि एक्स्चेंजवर तेच खायचे. संघ जिंकला तर बुकी पैसे देतो आणि एक्स्चेंजवर जातात. हरला किंवा बरोबरी झाली तर उलट. दोन्ही पारडी तोलून ठेवली की सामन्याचे काहीही होवो, आपल्याला फरक पडत नाही.

पहिली पैज तर थोड्या तोट्याचीच असते. बुकीचा भाव 2, एक्स्चेंजचा 2.04 आणि दलाली शेकडा 2 धरली, तर बुकीकडच्या 10 पौंडांसमोर 9 पौंड 90 पेन्स खायचे. काहीही झाले तरी सुमारे 30 पेन्स जातात. ते प्रवेशमूल्य. मग ती 20 पौंडांची फुकटची पैज येते. ती मुद्दाम मोठ्या भावाला लावायची, कारण मुद्दल परत मिळायचेच नसते. भाव 5, समोरचा भाव 5.20. मी वही ओढली आणि समीकरण मांडले : 80 भागिले 5.18, म्हणजे 15 पौंड 44 पेन्स खायचे. संघ जिंकला तर बुकीकडून 80 येतात आणि एक्स्चेंजवर 64 पौंड 85 पेन्स जातात. उरतात 15 आणि काही पेन्स. हरला तर दलाली वजा जाता 15 आणि काही पेन्स. दोन्ही वाटांनी माणूस त्याच घरी पोचतो! भाच्याच्या यंत्रात हे उत्तर क्षणात येत होते, पण माझे उत्तर पेन्ससकट जुळले तेव्हा दहावीच्या निकालाच्या दिवशी व्हायचा तसा आनंद मला झाला.

पुढचे काही दिवस मी त्याचा कारकूनच झालो. नवशिक्याने काय जपावे हे मला आता तोंडपाठ आहे. या कामाला घरखर्चापासून वेगळे खाते हवे आणि हाताशी शे-सव्वाशे पौंड मोकळे हवेत, कारण 15 पौंड मिळवायला एक्स्चेंजवर 65 अडकून राहतात. अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. आधी दोन्हीकडचे भाव पाहायचे, मगच हात लावायचा; एकीकडे पैज लावून दुसरीकडे वळेपर्यंत भाव हलतो. भाच्याने सुरुवातीला एकदा खायच्या ऐवजी दोन्हीकडे लावलेच होते आणि एका रात्रीत 40 पौंड घालवले होते. शिवाय हे सारे फार दिवस चालत नाही. बुकी मूर्ख नसतात. हे गिऱ्हाईक फक्त गूळ खाते आणि दुकानात काही घेत नाही, हे ओळखले की ते आमिष बंद करतात किंवा चार-आठ पेन्सांपलीकडे तुमची पैजच घेत नाहीत. (हे वाचून आपल्याकडे कोणी पाटी-पेन्सिल घेऊन बसू नये. 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे.)

एका रात्री जेवताना भाचा सहज म्हणून गेला, "मामा, तुमचं विमानाचं तिकीट यातूनच निघालं."

घास हातातच राहिला.

रागावण्यासारखे त्यात काय होते? त्याने चोरी केली नव्हती. कोणाला फसवले नव्हते. बुकीने स्वतः होऊन देऊ केलेले त्याने घेतले होते. जुगारही खेळला नव्हता, कारण जुगाराला जो जीव लागतो, ती अनिश्चितता, तीच त्याने काढून टाकली होती. हे सारे मला कळत होते. तरीही त्या रात्री मला झोप आली नाही, आणि फार वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवत राहिला.

1986 सालची गोष्ट. आमच्या शाळेत आठवीत एक मुलगा होता, गणितात हुशार. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, बाबांनी विचारलंय, आज कुठला आकडा येईल?" त्याचे वडील मटका खेळत. मुलाचे सर गणिताचे, तेव्हा त्यांना आकडे कळत असणार, असा त्या माणसाचा सरळ हिशेब! मी हसलो. मग खडू घेतला आणि फळ्यावर शून्य ते नऊ असे दहा आकडे लिहिले. म्हटले, "दहा माणसांनी एकेका आकड्यावर एकेक रुपया लावला. जमले दहा. ज्याचा आकडा आला त्याला रुपयाला नऊ मिळाले. म्हणजे दर रुपयामागे दहा पैसे राहिले." तो जरा विचार करून म्हणाला, "मग सर, ते दहा पैसे कोणाचे?"

"मटकेवाल्याचे," मी म्हणालो.

"त्याला मिळाले. पण होते कोणाचे?"

"सगळ्यांचे. थोडे थोडे."

"थोडे नाहीत सर," तो म्हणाला, "आमचे बाबा रोज देतात."

नववीनंतर तो शाळेत दिसला नाही. पुढे एकदा एस. टी. स्टँडवर चहाच्या किटल्या घेऊन फिरताना दिसला. मला ओळखून हसला, आणि चहाचे पैसे घेईना.

स्लावच्या त्या मऊ गादीवर मला हा मुलगा आठवला, आणि माझे तिकीट कशाचे बनले आहे हे कळले. बुकी फुकटची पैज देतो ती घरच्या शेतातून पिकवून देत नाही. ज्यांनी हरायचे तो गल्ल्यात टाकून ठेवलेले असते त्यातून देतो.

दुसऱ्या दिवशी फिरायला निघालो तो मुद्दाम पैजेच्या दुकानात शिरलो. दुकान स्वच्छ, बँकेसारखे. भिंतीवर पडदे, त्यावर घोडे धावत होते. कोपऱ्यात पैसे टाकून खेळायची यंत्रे होती. एका फेरीला 100 पौंड लावता यायचे ते 2019 च्या एप्रिलपासून कायद्याने 2 पौंडांवर आणले, असे भाच्याने नंतर सांगितले. चिठ्ठी भरायला बोटाएवढी छोटी पेने ठेवली होती. तिथे एक वयस्कर गृहस्थ उभे होते, चेहरा आपल्याकडचा. मला पाहून हिंदीत म्हणाले, "भाईसाब, चष्मा घरी राहिला. जरा वाचून सांगता?" मी भाव वाचून दाखवले : एका संघाला 11 ला 10, बरोबरीला 9 ला 4, दुसऱ्या संघाला 12 ला 5. वाचता वाचता माझ्या डोक्यात, सवयीने, बेरीज झाली. तिन्ही शक्यता मिळून शंभर व्हायला हव्यात; त्या जवळजवळ 108 होत होत्या. म्हणजे शंभरातले सात बुकीकडे राहणार. मटक्यापेक्षा स्वस्त, एवढेच. त्या गृहस्थांनी 20 पौंड लावले. विमानतळावर रात्रपाळी करतो म्हणाले.

त्या मुलाला मी फळ्यावर लिहून सांगितले होते. या गृहस्थांना सांगितले नाही. परक्या देशात, परक्या माणसाला उपदेश कसा करायचा, अशी सबब मी तेव्हा मनाशी दिली. ती खोटी नव्हती. पण त्याच संध्याकाळी घरी आलो तेव्हा भाच्याने 15 पौंड मिळवले होते, आणि वहीत तो आकडा मीच लिहिला.

मग मी भाच्याशी वाद घातला. मला वाटले होते, दोन वाक्यांत पोराला गप्प करीन. तसे झाले नाही.

तो म्हणाला, "मामा, साबणाच्या वडीबरोबर चमचा फुकट मिळतो. चमच्यासाठी साबण घेतला तर पाप आहे का?" मी म्हटले, "साबण घेणाऱ्यांना निदान साबण मिळतो." यावर तो म्हणाला, "मी ते 15 पौंड घेतले नाहीत, तर ते त्या चष्मेवाल्या गृहस्थांना परत जातील का? मालकाच्या खिशात जातील. उलट मी मालकाचेच कमी करतो." हे मला खोडता आले नाही. शेवटी त्याने माझ्या वर्मावरच बोट ठेवले. "तुमचा पगार सरकारच्या अनुदानातून यायचा. त्यात दारूवरच्या कराचा पैसा नव्हता? आपल्या राज्याने तर 1969 मध्ये स्वतःची लॉटरी काढली. तुमच्या पगारात ते दहा पैसे नव्हतेच, असं सांगा बघू!"

मला सांगता आले नाही. अजूनही येत नाही. पैशाला वास नसतो म्हणतात. तो असतो, पण अनेक हातांतून आल्यावर कोणाचा ते ओळखू येत नाही, आणि त्या न ओळखण्यावरच आपला सगळ्यांचा प्रपंच चाललेला असतो. मला एवढेच वाटते की वाटेवरून जाताना अंगावर चार थेंब उडणे निराळे आणि पन्हळ कुठे गळते ते शोधून तिथे घागर लावणे निराळे. पण माणूस तहानलेला असला तर? भाचा तहानलेला नव्हता. त्याला चांगली नोकरी आहे. पण असा एखादा असेल, घरभाडे थकलेले असेल, तर त्याला मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?

महाभारतातली द्यूतसभा आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्या रात्रींत एक गोष्ट नव्याने दिसली. त्या सभेत जुगार खेळत होता तो धर्मराज. शकुनी जुगार खेळतच नव्हता. काय पडणार हे त्याला ठाऊक होते. आपण दोघांनाही दोष देतो, पण जुगारी म्हणून दोष देतो तो युधिष्ठिराला, आणि त्याच्यावर आपली मायाही असते. शकुनीला आपण जुगारी म्हणत नाही, दुसरेच काही म्हणतो. अनिश्चितता काढून टाकली की जुगार जातो हे खरे. पण जुगारी माणसाचे जे काही थोडे भले असते, स्वतःही बुडण्याची तयारी, तेही त्याबरोबर जाते.

हे भाच्याला सांगितले तर तो म्हणाला, "शकुनीने समोरच्याला लुबाडले. मी तर नळराजासारखा आहे." पोराने वनपर्व कधी वाचले कोण जाणे! बाहुक होऊन राहिलेल्या नळाला ऋतुपर्ण राजाने अक्षहृदय शिकवले, म्हणजे फाशांचे मर्म. आणि त्याआधी आपली विद्या पटावी म्हणून बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे नजरेनेच मोजून दाखवली. नळाने झाड पाडून मोजले तर संख्या बरोबर. ती विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडला. मोजता येऊ लागले की कली जातो! गणिताच्या मास्तराला याहून आवडणारी कथा कोणती असणार? भाच्याचे म्हणणे, त्यानेही तेच केले. मोजले आणि कलीला बाहेर ठेवले.

मला क्षणभर पटले. मग पुढचे आठवले. नळाने ती विद्या वापरली ती पुष्कराशी खेळताना, ज्याने त्याचे राज्य जिंकून घेतले होते त्याच्याशी. समोरासमोर बसून एका डावात जिंकला. आणि हरलेल्या भावाला त्याचा वाटा देऊन, मानाने घरी पाठवले. नळाला तो वाटा देता आला, कारण हरलेला माणूस समोर बसला होता. आमच्या वहीत हरलेल्या माणसाला रकानाच नव्हता.

या सगळ्या वादात सूनबाई काही बोलत नव्हती. निघण्याच्या दोन दिवस आधी, भाचा कामावर गेल्यावर, ती म्हणाली, "मामा, एक सांगू? तुमचा वाद ऐकते, पण मला एवढं मोठं काही कळत नाही. मला एकच रात्र आठवते." भाव जमला नाही म्हणून त्या रात्री त्याने एकीकडची पैज लावून दुसरीकडची मोकळी ठेवली होती. थोडे थांबू, भाव खाली येईल, असे म्हणत तो सामना पाहत बसला. तो संघ कुठला, हेही त्याला आधी माहीत नव्हते. रात्री साडेदहाला तो ओरडला म्हणून ती धावत खाली आली. तो जिंकला होता, नेहमीच्या दुप्पट. "मामा, हरला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "त्या दिवसापासून त्याला वाटतं की खायची काही इतकी गरज नसते."

आणि मग खरी गोष्ट तिने सांगितली. त्याच्या खात्यांवर बुकींनी बंधने घालायला सुरुवात केली होती. म्हणून आता तिच्या नावाने खाती काढायची, आणि ती चालवायची त्यानेच, असे त्याचे चालले होते. "सही माझी लागेल. काय करू?"

मी वाट पाहिली नाही. "नाही म्हण," असे सांगितले. इथे मला कसलाही संशय नव्हता. पैज घेणाऱ्याला सांगायचे की खेळणारी ही आहे, आणि खेळायचे दुसऱ्याने. याला गणित लागत नाही. ती म्हणाली, "मी नाही म्हटलंच आहे. तुम्हांला विचारलं ते तुम्ही काय म्हणता ते बघायला." मग तिने चहा टाकला.

विमानतळावर निरोप देताना भाच्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मामा, बाकीचं राहू द्या. तिकिटाचं काय ते सांगून जा. तुम्हांला टोचतंय का?" मी म्हटले, "टोचतंय." तो म्हणाला, "मग पैसे परत पाठवाल?" मी म्हटले, "कोणाला पाठवू?"

तो हसला, मीही हसलो. पण तो विनोद नव्हता. भाच्याला पाठवले तर मी मोकळा होतो, ते पैसे होत नाहीत. बुकीला पाठवणे तर हास्यास्पदच. विमानात बसल्यावर मी त्या चष्मा विसरलेल्या गृहस्थांचा विचार करीत होतो, आणि त्यांचे नावही मी विचारले नव्हते.

त्याला दोन वर्षे होत आली. भाच्याची बहुतेक खाती बुकींनी निकामी केली आणि सूनबाईने आपले नाव दिले नाही, म्हणून तो व्यवहार आपोआप थांबल्यासारखा आहे. निदान मला तरी तसे सांगतात. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, तेव्हा त्याने पुन्हा विचारले, "मामा, माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलं नाहीत तुम्ही. मी चूक केली का?" मी म्हटले, तोंडी जमत नाही, लिहून पाठवतो. लिहायला बसलो तर हे एवढे झाले. हाच अंक त्याला पोस्टाने पाठवणार आहे. पाडव्यापर्यंत मिळणार नाही बहुधा; इंग्लंडला पोस्ट हल्ली फार वेळ घेते.